अडीच सेकंद

बिरसी गावातल्या आमच्या खळ्यावर उतरत्या दुपारी फिकट चंद्र दिसत होता. शेजारचा केवळराम अँटेना त्याच्या दिशेनं धरून उभा होता. चंद्रावर आपटून परतलेला माझा सिग्नल मी पहिल्यांदाच ऐकणार होतो. माझ्या रेडिओला माइक नव्हताच, फक्त मोर्सची कळ.

मी कळीवर टकटक केली. अडीच सेकंदांनी हेडफोनमध्ये तीच टकटक परतली, बारीक आणि थरथरती. तिच्यामागे कोणीतरी ओलं ओलं चघळत होतं.

"तंबाखूचा खर्रा थुकून ये पहिले, केवळराम. किळस येऊन राहिली."

"धानाच्या खळ्यावर कोणी खर्रा खाते का गा?" म्हणत त्यानं आ केला. तोंड रिकामं होतं.

मी कळ सोडली. चघळणं थांबलं नाही. लाळेचा लिबलिबीत आवाज थेट कानात शिरला. थुंकू नये तिथं, मी सारवलेल्या खळ्यावरच थुंकलो.

अडीच सेकंदांनी हेडफोनमध्ये माझं थुंकणं ऐकू आलं. मग कोणीतरी सावकाश चाटल्याचा आवाज. मग घोट.

केवळराम माझ्या पायाशी बघत होता. तिथं थुंकी नव्हती. शेणाच्या सारवणावर जिभेएवढा रुंद, ओला पट्टा होता.