रावणाचे पट्टे

रुपचंदने पत्र्याचं चिलखत जीवरामच्या छातीवर धरलं, तर ते दोन्ही बाजूंनी हललं.

"पत्रा वाढला का हो भाऊ?" रुपचंद म्हणाला. जळगावच्या त्या बोळकांडीतल्या दुकानात बैलांचे पट्टे शिवण्यात त्याचा जन्म गेला होता. असोदा गावच्या सोंगांतल्या रावणाचं, म्हणजे जीवरामचं, माप तेवढं तो आवडीने घ्यायचा.

"रावणाचा उपास चालू हाये," जीवराम म्हणाला आणि आपणच हसला.

त्याची बायको प्रमिलाबाई हसली नाही. मंगळवारी धुळ्याच्या डॉक्टरने नवऱ्याला 'पोटात उष्णता आहे' एवढंच सांगितलं होतं, आणि तिला दाराबाहेर बोलावून म्हणाला होता की हा पावसाळा काढला तरी देव पावला समजा. तेव्हापासून ती ते एकटीच गिळून बसली होती. चैत्रातली सोंगं होईपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, एवढीच तिची धडपड. अठरा वर्षं गावाने दुसरा रावण पाहिला नव्हता. यंदाही त्याने गर्जावं, मग व्हायचं ते होवो.

गेल्या वर्षी ऐन रंगात खांद्याचा पट्टा तुटला, आणि लंकेचा राजा एका हाताने चिलखत सावरत सीतेला धमकावत राहिला. सगळं गाव पोट धरून हसलं. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं, म्हणून यंदा पट्टे नवेच हवे होते.

रुपचंदने माल समोर टाकला. रेक्झिन घामाने अंगाला चिकटतं, म्हणून जीवरामने ते हात न लावताच नाकारलं. नायलॉनचा पट्टा चांगला चकाकत होता.

"हा तं दप्तराचा पट्टा. रावण काय शाळेत चालला?"

मग त्याने म्हशीच्या कातड्याचा पट्टा उचलला, वाकवून पाहिला, नाकाशी नेला. त्याचा चेहरा जरा उजळला.

"हा लावला की दहा वर्षं बघायचं काम नाही," रुपचंद म्हणाला. "वरून लाल रंग देतो. लांबून उठून दिसेल."

"दे मंग. दहा वर्षं सिंहासनावरून कोण उतरवतो मले."

आता प्रमिलाबाईची जन्माची खोड अशी, की लुगडं असो नाहीतर सूप, लागेल त्याहून चार दिवस जास्त टिकणारी वस्तू तिला उधळपट्टीच वाटायची. दुकानात शिरलं की तिची जीभ आपली आपण चालायची. तशी ती आताही चालली.

"इतलं टिकाऊ कायले पाह्यजे? खाटेची निवार लावा नं. एवढा चैत्र निघाला का झालं."

आपण काय बोललो ते तिला बोलून गेल्यावर कळलं.

"म्हंजे, कातड्यानं खांदा सोलतो यांचा," ती घाईघाईने म्हणाली. पण रुपचंदकडे बघून म्हणाली, नवऱ्याकडे बघायची तिची छाती झाली नाही.

जीवराम मात्र तिच्याकडेच बघत होता. त्याने कातड्याचा पट्टा नीट गुंडाळला आणि रुपचंदच्या हातात परत दिला.

"निवार किती टिकते रे?"

"निवारीचं काय भाऊ, सुती काम. एक पावसाळा काढते."

"मंग तीच लाव."

रुपचंदने कोऱ्या पांढऱ्या निवारीच्या पट्टीची गुंडाळी काढली आणि लाल रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायला घेतलं. सुताला रंग दोनदा द्यावा लागेल, असं काहीबाही तो बोलत होता. जीवरामने त्याचा हात धरला.

"रंगवू नको. पांढरीच राहू दे. आन् कापू बी नको, दुमडून शिव. माह्या मागून उसवली का हिच्या खाटेले कामी येईन."