हलवलेली फाइल

ताईच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवर पेशंटांच्या नोंदींचा बॅकअप आठवडाभर झालाच नव्हता. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या फाइलमध्ये मी तीनदा सेटिंग बदललं, तरी प्रोग्रॅम ढिम्म हलेना.

"दादा, हा प्रोग्रॅम कळणारा कुणी माणूस बोलवू का?" रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं. माझं डोकंच फिरलं.

दुपारी उलगडा झाला. कॉम्प्युटरची सिस्टिम पुरवणाऱ्या ज्या लिनक्सवाल्यांनी हा प्रोग्रॅम आपल्या पॅकेजमध्ये घालून दिला होता, त्यांनी सेटिंगची फाइल परस्पर भलत्याच फोल्डरमध्ये हलवली होती. मॅन्युअल मात्र होतं तसंच! मी दवाखान्याच्या मेलवरून त्यांना खरमरीत तक्रार ठोकली. तासाभरात गोड उत्तर आलं, "प्रोग्रॅम आमचा नाही. तुमची तक्रार मूळ लेखकाकडे पाठवली आहे."

"चला, आता तरी कळणारा माणूस बघेल," बाई म्हणाल्या.

 

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. त्याच लिनक्सवाल्यांचा मेल होता: "लेखक महोदय, आपल्या प्रोग्रॅमबद्दल एका दवाखान्याची तक्रार सोबत पाठवत आहोत, मंडळी फार चिडलेली आहेत, जरा सांभाळून घ्या."