चौथा कलदार

"आणखी एक हाय," ईश्वरअप्पा म्हणाले. "चार म्हणलो होतो ना? तीनच झाले."

बन्सीधरने कानावरचे हेडफोन काढून गळ्यात अडकवले. सकाळी सातपासून तो सोनपेठजवळच्या या गोदावरीकाठच्या रानात धातू शोधायचं मशीन फिरवत होता, आणि आता दिवस कलला होता. तीन रुपये मिळाले होते, तिन्ही चांदीचे, राणीच्या मुखवट्याचे. निजामाच्या मुलखात इंग्रजांच्या रुपयाला कलदार म्हणत. अप्पा अजूनही तेच म्हणायचे.

बन्सीधर वालूरचा. कुणाचं जोडवं रानात पडलं, कुणाच्या पाइपलाइनीचा वॉल्व्ह मातीखाली गेला, तर लोक त्याला बोलवत. चांदीच्या नाण्यांसाठी पहिल्यांदाच कुणी बोलावलं होतं.

"अप्पा, तीन काय थोडे झाले? एक असू द्या की जमिनीला."

"सोमवारी रस्त्याची मशिनं येणार. रान गेलं की संपलं. चौथा मिळाल्याबिगर मला झोप न्हाई लागायची."

गोवऱ्या मसणात गेल्या तरी हाव काही सुटत नाही, असं बन्सीधरच्या मनात आलं. अप्पांचं वय अठ्ठ्याहत्तर. कापडाचं दुकान कधीच बंद झालेलं, बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. घरात खाणारं तोंड एकच. आज सोबतीला लेक, त्रिवेणी, सासरहून मुद्दाम आली होती. ती बांधावर बसून होती.

म्हाताऱ्याच्या तऱ्हा तर विचारू नका. रानात शिरताना बांधावरच चपला काढल्या, बन्सीधरलाही काढायला लावल्या. मशीन वाजलं की लगबगीने यायचे आणि म्हणायचे, "हळू. वीतभराच्या खाली जाऊ नका." नाणं वर आलं की ते लेकीकडे द्यायचे आणि खड्डा स्वतःच्या हाताने बुजवून वर दगड ठेवायचे. खाली मोठा हंडा असणार आणि आपल्यापासून लपवतायत, असा बन्सीधरने अंदाज बांधला होता.

"जागा ध्यानात न्हाई का?" त्याने विचारलं.

"बाभळी होत्या, खुणेचे दगड होते. गेल्या पावसाळ्यात पूर आला अन् समदं घेऊन गेला. गाळ तेवढा ठिवला."

पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. एक गंजका खिळा निघाला, मोडक्या विळ्याचं पातं निघालं, गुटख्याच्या पुड्या निघाल्या. अप्पा पावलापावलाला मागे होते. एकदा ठेचकाळून पडलेच. त्रिवेणीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मिळाल्यावर पितो," ते म्हणाले, आणि तिथेच ढेकळांत बसून राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

एका रुपयासाठी रडणारा म्हातारा पाहून बन्सीधरला आधी हसू आलं. मग कीव आली. त्याच्या पाकिटात एक कलदार होता, अगदी तसाच. या मशीनने त्याला दिलेला पहिला रुपया, वालूरच्या स्वतःच्या रानात सापडलेला. पाथरीच्या सराफाने दोनदा मागितला, पण त्याने दिला नव्हता. लाभाचा होता तो.

त्याने पाकीट चाचपलं. बांधाच्या कोपऱ्यात गेला, अप्पांकडे पाठ करून वाकला, रुपया मातीत खोल दाबला आणि वरून माती सारखी केली. मग मशीन आणलं. ते खणखणीत वाजलं. त्याला हळहळ वाटली, पण बरंही वाटलं.

अप्पा धावतच आले. त्यांनी हातांनी माती उकरली आणि नाणं निघालं. त्यांनी ते नीट पाहिलंही नाही. दोन्ही तळवे जमिनीवर टेकून ते बसून राहिले. त्रिवेणी आली, तिने मातीवर डोकं ठेवलं आणि तिला हुंदका आवरेना.

"रडू नका ताई, मिळाला ना," बन्सीधर म्हणाला.

"तुमाला खरं सांगितलं न्हाई, माफ करा," अप्पा म्हणाले. "सांगितलं असतं तर तुमी मशीन धरलं नसतं. आमच्यात माणूस जाळत न्हाईत, मातीत बसवत्यात. अन् आमच्या घरी वरच्या मातीत एक कलदार ठिवायची रीत हाय, भूमीचं मोल म्हणून. माझे वडील, आई, थोरला भाऊ, तिघं एका वळीत घावले. हिची आई त्यांच्यापासून लांब, ती तेवढी ऱ्हायली होती."

त्यांनी तिथली मूठभर माती नव्या पांढऱ्या फडक्यात घेतली आणि गाठ मारली.

"आता ही नव्या जागी ठिवायची, अन् शेजारी मी," ते म्हणाले. "बाकीच्या रानावर खुशाल डांबर टाकू द्या."