पोटभाडेकरू

"बाई घर सोडत काऊन नाही?" सुधाकरराव वकिलांनी विचारलं.

वामनरावांना तेच तर कळत नव्हतं. आसिफाबादच्या कोर्टासमोरच्या त्या खोलीत त्यांची ही तिसरी खेप. कागजनगरचं घर त्यांच्या वडिलांनी ताराबाई मास्तरणीला भाड्यानं दिलं होतं. वडील प्राणहितेच्या पुरात गेले, त्याला नऊ वर्षं झाली. बाई मात्र जागची हलत नव्हती. आणि वामनरावांनी आपली मुलगी मनकर्णा हिच्या होणाऱ्या सासरच्यांना तेच घर कबूल केलेलं. वैशाखापर्यंत ते मिळालं नाही, तर पोरीची सोयरीक मोडणार होती.

"नुसत्या नोटिशीनं घर खाली होत नाही, वामनराव. कारण पाहिजे. घराची नासधूस केली?"

"नाही जी. उलट आठवड्याले सारवते."

"आणखी कोणाले ठेवलं घरात?"

दिवाळीत वामनराव घर मागायला गेले, तेव्हा ताराबाई दारातच आडवी उभी राहिली. 'आत या' म्हणाली नाही. तेवढ्यात आतून कोणीतरी खोकलं, आणि तो खोकला ओळखीचा वाटला. वामनराव पाणीही न पिता परत फिरले. तेव्हापासून त्यांना धड झोप नव्हती. ते भ्यायले होते, आणि हे बायकोलाही सांगायची सोय नव्हती.

"आवाज येते," ते हळूच म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाचा."

"मंग झालं तं!" वकील खूश झाले. "तुमाले न विचारता पोटभाडेकरू ठेवला. कोर्टाचा कमिशनर घर पाहून याले पाठवू. माणूस दिसला, का केस आपली."

"अन् नाही दिसला तं?"

"खोकते तो दिसन नाही काय?"

वकील मोठ्यानं हसले. वामनरावांना हसू आलं नाही.

महिन्याभरानं कमिशनरचा अहवाल आला. आतल्या खोलीत एक वृद्ध सापडला होता. नाव सांगायला तयार नव्हता, जबाब तेवढा दिला होता. वकील तो वाचता वाचता थांबले आणि कागद वामनरावांपुढे सरकवला.

"बाईचा कसूर नाही. पुरातून वाचलो, दोन महिन्यांनी गावाच्या वेशीवर आलो, तं समजलं, प्रेत सापडलं नाही म्हून पोरानं पळसाचा पुतळा जाळून माही तेरवी केली. तेरवी झालेला माणूस पोराच्या उंबऱ्यात आला तं घराले दोष लागते. म्हून इथं कागजनगरले येऊन राह्यलो. नातीच्या लग्नाले घर पाहिजे म्हणता, तं आजच निघतो. वामनले मात्र सांगू नका."