उजवा गाल

"मावशी, मान थोडी उजवीकडे वळवा. हां! आता पदर जरा मागे घ्या."

कोंडाबाईने मान वळवली, पण उजव्या गालावरचा पदर सोडला नाही. त्या गालावरचा व्रण अख्ख्या पासली गावाला ठाऊक होता. तरी परका माणूस दिसला की तिचा हात आपोआप पदराकडे जाई.

शरच्चंद्र भोरचा फोटोग्राफर. उन्हाला कसं वागवायचं ते आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असं त्याचं मत होतं आणि ते तो न विचारता सांगे. पाटलांचे फोटो काढून तो निघालाच होता, तेवढ्यात कोंडाबाईच्या लेकीने, ठकूने, त्याला अडवलं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. नवरा मनमाडला रेल्वेत. उद्या भोरवरून जाताना तिला आईचा फोटो बरोबर हवा होता. त्याच्या पेटीत फोटो उतरवायची एकच काच उरली होती.

"नगं सायेब," कोंडाबाई पुटपुटली. "तिकडं चार लोक बगतील. माज्या तोंडापायी लेकीला मान खाली घालाया लागंल."

"काळजी सोडा. व्रण औषधालाही दिसणार नाही."

त्याने तिला जांभळीच्या सावलीत बसवलं. ठकूच्या हाती पांढरं धोतर देऊन तिला डावीकडे उन्हात उभं केलं. धोतरावरचं ऊन डाव्या गालावर मऊ उतरलं, उजवा अंधारात गेला. तेव्हा कुठे कोंडाबाईने पदर सोडला. शरच्चंद्र स्वतःवरच खूश होऊन काळ्या कापडाखाली शिरला.

पाहतो तो उजेड जागेवर नाही! ठकू धोतर घेऊन उजवीकडे जाऊन उभी होती. व्रणाच्या रेघा लख्ख दिसत होत्या. कोंडाबाईचा हात पुन्हा पदराकडे गेला.

"अगं, तिकडे काय करतेस? काच वाया जाईल!"

"ह्योच गाल घ्या, सायेब." ठकूचा आवाज चढला. "मी तान्ही हुते, तवा वाघानं मला उचललं. आयेनं निसत्या हातानं त्याच्या तोंडातनं वढून काढलं. त्याचा पंजा हाय त्यो. त्यो झाकून कुनाची आई संगं नेऊ?"

शरच्चंद्रने कॅमेरा उजव्या गालाकडे वळवला. उजेडाबाबत दुसऱ्याचं ऐकण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती.

कोंडाबाई लेकीकडे बघत राहिली. ठकूला आपल्या तोंडाची लाज वाटत असेल, असंच तिला आजवर वाटत आलं होतं. गालावरचा पदर तिने पार मागे सारला आणि मान वर केली.

"काढा सायेब," ती म्हणाली. "तिकडच्यांस्नी बी बगू द्या, कुनाची लेक हाय ती."