टाकीचं विरजण

टाकी मेली, हे गयाबाईंना दार उघडताच वासावरून कळलं. सोयाबीन तेलाच्या गाळातले स्टेरॉल नावाचे मेणचट घटक खाऊन त्या टाकीतले जिवाणू औषधाचा कच्चा माल बनवायचे. गावातल्या दमेकऱ्यांच्या गोळ्या त्यातूनच व्हायच्या. आणि काल टाकी चालवणाऱ्या बचत गटाच्या बायांनी दिवाळीची साफसफाई म्हणून टाकीसुद्धा उकळत्या पाण्यानं लख्ख घासली होती.

"नवे जिवाणू यायला महिना लागेल," इंजिनिअर तृप्ती मॅडम म्हणाल्या. "गोळ्या आठच दिवसांच्या उरल्यात. कुणाकडे जुन्या जिवाणूंचं मूळ उरलंय का?"

टाकीतलं थेंबभरही बाहेर न्यायला सक्त मनाई होती. साऱ्या जणी खाली बघू लागल्या. गयाबाईंना मात्र गोळी चुकली की धापा टाकणारे येलगटे मास्तर आठवले.

"मॅडम, लेक सासरी निघाली तेव्हा मी वाटीभर दिलं होतं. विरजण देतात तसं. फोन केला तर दुपारपर्यंत घेऊन येईल."

त्यांनी फोन करून लेकीला निघायला सांगितलं. तोवर मागून आवाज आला, "माझ्या फडताळात बरणी आहे."

"माझ्याही!"

तासाभरात टेबलावर सतरा बरण्या आल्या, आणि कुणाचं ताजं यावरून भांडण जुंपलं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. सगळ्यांतले जिवाणू जिवंत होते. त्या कपाळाला हात लावून हसतच सुटल्या.

लेकीच्या बरणीची आता गरज उरली नव्हती. पण यंदा दिवाळीला येणं जमणार नाही म्हणणारी लेक वाटेत होती, आणि गयाबाईंनी दुसरा फोन काही केला नाही.