टोचूनही न उठणारा

दुरुस्तीच्या दुकानात दोघी बहिणी कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय तपासत होत्या. धाकटीने हिरव्या आणि काळ्या वायरीच्या टोकांत केसांचा आकडा खुपसून त्या जोडल्या. सप्लाय धड असता तर आतला पंखा फिरला असता. तो ढिम्म हलेना.

"तुझ्या नवऱ्यासारखाच आहे," ताई म्हणाली. "टोचूनही उठत नाही."

दोघी खो खो हसल्या, आणि पंखा गरगरला. हसू ओसरलं तसा थांबला.

"चालला गं बाई," म्हणत धाकटी पुन्हा हसली. तो पुन्हा फिरला.

ताईने सप्लायची विजेची वायर उचलून दाखवली. प्लग लावायचाच राहिला होता.

दोघी तोंडावर हात ठेवून बसल्या. दुकानात चिडीचूप.

पंखा मात्र फिरू लागला, तिसऱ्या कुणाला तरी विनोद आत्ता कळल्यासारखा.